कुंडथाचचा बर्फ आणि गडमुडशिंगीचं रान

शिवाजी पेठ, कोल्हापूर
पौष शुद्ध दशमी (इंग्रजी तारीख धैर्यशीलने दिलेल्या कॅलेंडरवर आहे, पण त्यावर बर्फाचे डोंगर छापलेले असल्याने मी ते भिंतीकडे तोंड करून टांगलं आहे)

ती. सौ. शालूअक्का हिला धाकट्या केरबाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलं खरं, पण गुडघ्यामुळे सध्या सहाच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली दोन मनाने टेकवली आहेत असं समज.) तुझा रक्तदाब आणि दाजींचा राग, दोन्ही औषधाने उतरले असतील. निपाणीची हवा दाजींना मानवते असं तू म्हणतेस. निपाणीला दाजी मानवतात का हे कुणीतरी एकदा विचारायला हवं. इकडे तुझी भावजय वर्षाराणी ठीक, मी बरा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझं संस्कृत मात्र जरा आजारी आहे, कारण ऐकायला कुणी नाही, आणि जे ऐकतात ते पुढे काय करतात ते खाली येईलच.

फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो, ही आपली पन्नास वर्षांची वहिवाट आहे, आणि आज मला निदान चार पानं मध्ये कुणी न बोलता बोलायचं आहे. विषय गडमुडशिंगीच्या आपल्या रानाचा आहे. सातबाऱ्यावर तुझं नि माझं नाव असलेले ते बावीस गुंठे अजून जागेवर आहेत. पुढेही आपलेच राहतात की नाही, हे आता तुझ्या सहीवर आहे. पण तिथे पोचायला आधी हिमालयात जावं लागेल. तेव्हा शाल घे आणि बैस.

धैर्यशील तुला माहीत आहे. वर्षाराणीच्या भावाचा थोरला मुलगा. शाहूपुरीत त्याचं ऑफिस आहे, त्या ऑफिसात काय चालतं ते अजून कुणाला कळलेलं नाही, पण एसी चांगला आहे. दोन वर्षांपूर्वी पेठेतली फुटबॉलची पोरं हिमाचलात सहलीला गेली, त्यांच्याबरोबर हा गेला. तिथे कुंडथाच नावाच्या गावाला लागून एक उतार आहे. त्या उतारावरून माणसं पायाला फळ्या बांधून खाली घसरत होती आणि खाली आली की पैसे देऊन परत वर जात होती. हा आला तो थेट आमच्या सोप्यात. म्हणाला, “मामा, असला धंदा जन्मात बघितला न्हाय. गिऱ्हाईक पडतंय, हसतंय, आणि परत पडाय तिकीट काढतंय.” त्या डोंगराचा मालक तो विकायला तयार होता. (मालकाने एका बैठकीत तीन वेळा चहा पाजला, हे धैर्यशीलने फार कौतुकाने सांगितलं. विकणारा तिसरा चहा कधी पाजतो याचा विचार त्याने केला नाही. मीही केला नाही, मला तेव्हा भजी दिली होती.)

आता एवढा डोंगर एकट्याने कसा घ्यायचा? आपल्याकडे याला एकच उत्तर आहे, सहकारी संस्था. शेअर काढले, पेठेतल्या नि आसपासच्या गावच्या लोकांनी घेतले, आणि संस्थेला भारदस्त नाव पाहिजे म्हणून माझ्याकडे आले. मी ‘तुषारशैल’ दिलं. (लोक ‘बर्फ सोसायटी’च म्हणतात.) त्या नावाचे मी शंभर रुपये मागितले असते तर वाचलो असतो. मी ते फुकट दिलं, त्यामुळे हा माणूस निःस्वार्थी आहे असा सगळ्यांचा समज झाला आणि मला अध्यक्ष केलं. तांत्रिक संचालक म्हणून गौसभाईंना घेतलं, कारण शाहूपुरीत त्यांचा तीन पिढ्यांचा बर्फाचा कारखाना आहे आणि संस्थेत बर्फाला हात लावलेला तेवढा एकच माणूस आहे. ते पहिल्याच बैठकीत म्हणाले, “सर, तीन पिढ्या आमी बर्फ करतोय. करायचा आणि सांजच्या आत इकून मोकळं व्हायचं. ह्यो पयला धंदा बघालोय जिथं बर्फ इकायचा न्हाय, नुसता माणसं घसराय अंथरून ठेवायचा.” हे इतिवृत्तात घेतलं नाही.

या धंद्याचं शास्त्र मला धैर्यशीलने चार वेळा समजावून दिलं आहे आणि दर वेळी मला वेगळं काहीतरी समजलं आहे. कारखान्याला जसा गळीत हंगाम, तसा इथे बर्फाचा हंगाम. बर्फ म्हणजे आमचा ऊस. फक्त तो कुणी लावत नाही, कुणी तोडत नाही, आणि येणार की नाही हे हंगाम सरल्यावर कळतं. म्हणून हंगामाचे पास दसऱ्यालाच विकून टाकायचे, म्हणजे बर्फ पडो न पडो, पैसे आपल्याकडे पडलेले असतात. पास घेतलेला माणूस आलाच नाही तर उत्तम, आणि आला तर त्याहून उत्तम, कारण तो बूट भाड्याने घेतो, चहा पितो, खोली घेतो. मी विचारलं, मग फायदा नेमका कशात आहे, येण्यात की न येण्यात? धैर्यशील म्हणाला, दोन्हीत. मग तोटा कशात आहे? तर म्हणाला, एकच डोंगर असण्यात. एका डोंगरावर बर्फ नाही पडला तर दुसऱ्यावर पडेल, दुसऱ्यावर नाही तर तिसऱ्यावर. म्हणून आणखी दोन डोंगर घ्यायचे. तिन्हीवर नाही पडला तर, असं मी विचारलं. त्यावर, लग्नात कुणी ‘वर पळून गेला तर काय’ असं विचारल्यावर बघतात, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

सभासदांना हे शास्त्र नको होतं. गडमुडशिंगीच्या बयाबाई (आपल्या रानाच्या शेजारच्या, तुझी चौकशी करतात) दारात येऊन म्हणाल्या, “कारखाना सभासदाला दिवाळीला साखर देतोय. आमच्या वाटणीचा बर्फ कवा?” मी त्यांना डोंगर, अंतर, ऊन वगैरे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “ते तुमी बघा की, अध्यक्ष हायसा.” शेवटी गौसभाईंच्या कारखान्यातून दर शेअरमागे पाव लादी बर्फ द्यायचा ठरला. भर मे महिन्यात लोक घमेली आणि पोती घेऊन रांगेत उभे होते, आणि सरबत करून सगळ्यांनी संस्थेला दुवा दिला. आजवर वाटलेला लाभांश म्हणजे तेवढाच. गौसभाईंनी त्याचं बिल अजून लावलेलं नाही. लाजतात.

त्याआधी, गेल्या जानेवारीत, मी आणि गौसभाई पाहणीला कुंडथाचला जाऊन आलो. बर्फ नव्हता. उतार होता, उतारावर वाळकं गवत होतं आणि गवतावर एक तांबडी गाय होती. तिथल्या मॅनेजरने (गरीब स्वभावाचा माणूस, त्याचा पगार आपण देतो हे त्याला अजून खरं वाटत नाही) अध्यक्षांनी निदान पाळण्यात बसून बघावं असा आग्रह धरला. पाळणा म्हणजे तारेला टांगलेली खुर्ची, ती माणसाला वर नेते. मला अर्ध्यावर नेलं आणि वीज गेली. पाऊण तास मी त्या गाईच्या अगदी डोक्यावर लोंबकळत होतो. खालून गौसभाई ओरडून धीर देत होते, “सर, खाली बगू नगा, हिशेब आठवा.” हिशेब आठवल्यावर खाली बघणं बरं वाटलं. आम्ही कोल्हापुरात परतलो आणि फेब्रुवारीच्या शेवटी तिथे नऊ दिवस बर्फ पडला. तोवर इकडे लग्नसराई लागली होती, त्यामुळे पासवाला एकही माणूस गेला नाही. धैर्यशीलने हा हंगाम यशस्वी म्हणून जाहीर केला.

आणि मग सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. अक्का, इथे लक्ष दे, कारण इथे मी घोटाळा केला आहे. सभेची आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. व्यासपीठावरून वाक्य संपलं की समोरून ‘मंजूर, मंजूर’ येतं. वाक्य काय होतं याच्याशी मंजुरीचा संबंध नसतो, ते थांबलं याच्याशी असतो. (मागे एका संस्थेच्या सभेत चेअरमन ‘पंखा बंद करा’ म्हणाले, तेही ठराव क्रमांक सात म्हणून नोंदलेलं आहे.) मी त्या दिवशी दोन नव्या डोंगरांची खरेदी थांबवायची, असं ठरवूनच गेलो होतो. पण थांबवायची ती आमच्या शास्त्राच्या पद्धतीने. आमच्याकडे आधी पूर्वपक्ष मांडतात. म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला जमणार नाही इतक्या चांगल्या शब्दांत, पूर्ण ताकदीने मांडायचं, आणि मग उत्तरपक्षात त्याची एकेक वीट काढायची. तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. मुलं निदान तास संपेपर्यंत उठत नसत.

मी वीस मिनिटं पूर्वपक्ष केला. एक डोंगर हा जुगार आहे आणि तीन डोंगर हा व्यवसाय आहे. जो आज विस्तारत नाही तो उद्या वितळतो. असं बरंच काही. पोटातून बोललो. धैर्यशील तोंड उघडं टाकून ऐकत होता, त्याला स्वतःचा धंदा पहिल्यांदाच कळत होता. मग उत्तरपक्ष सुरू करण्याआधी मी पाण्याचा एक घोट घ्यायला थांबलो.

तसला ‘मंजूर’ मी आयुष्यात ऐकला नव्हता. घोट गिळेपर्यंत माइक आचाऱ्याच्या हातात गेला होता आणि पहिली पंगत बसली होती. उत्तरपक्ष मी पांढरा रस्सा वाढून घेताना गौसभाईंना ऐकवला. अगदी बिनतोड होता. ते म्हणाले, “सर, हे आदी बोलायचं हुतं की.” इतिवृत्तात आता असं आहे की विस्ताराचा ठराव मा. अध्यक्ष केरबा सर यांनी स्वतः मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात संमत झाला. डोंगरांसाठी कर्ज देणारी बँक म्हणते, ठराव ज्याने मांडला त्याने तारण द्यावं. माझ्याकडे तारण द्यायला दोन गोष्टी आहेत, अमरकोश आणि गडमुडशिंगीचं रान. अमरकोश त्यांनी परत केला.

वर्षाराणीचं म्हणणं आहे की घरचं पोरगं आहे, आपणच मागे सरलो तर तिने माहेरी तोंड कसं दाखवायचं. शिवाय तीन डोंगरांचा अध्यक्ष म्हणजे काही कमी नाही. यंदाही अजून बर्फ पडलेला नाही, पण धैर्यशीलच्या मते ही आणखी दोन डोंगर घेण्याच्या बाजूची गोष्ट आहे. तेव्हा येत्या रविवारी तो कागद घेऊन निपाणीला येईल. बँकेने पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत तिथे तीन सह्या कराव्यात, ही विनंती. दाजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
केरबा

ता. क. धैर्यशीलला जेवल्याशिवाय सोडू नको. तो कागदाबरोबर पेढेही आणील. पेढे घ्यायला हरकत नाही.

ता. क. दुसरा. वरचं सगळं वर्षाराणीने वाचलं आणि बरं लिहिलंय म्हणाली. आता मी पोस्टात आहे, खालचं उभ्याने लिहितोय, अक्षराला हसू नको. अक्का, सही करू नकोस. मला इथे नाही म्हणता येत नाही. म्हणायला गेलो तर आधी पूर्वपक्षच तोंडातून येतो. लहानपणी त्याच रानात तू मला उसाच्या सरीत ढकललंस, आणि आईने विचारल्यावर ‘मी नाही’ म्हणालीस, ते ‘नाही’ अजून माझ्या कानात आहे. तसलं एक ‘नाही’ मला लेखी पाहिजे. वाईटपणा तुझ्याकडे येईल, पण तू निपाणीत आहेस, आणि तुझ्याकडे तो आधीपासून थोडा आहेच.

ता. क. तिसरा. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात गौसभाई मला शोधत पोस्टात आले. कुंडथाचच्या मॅनेजरने त्यांच्या फोनवर चित्रफीत पाठवली आहे. पहाटेपासून बर्फ पडतोय. पाळण्याच्या खालच्या खुर्च्या अर्ध्या बुडाल्या आहेत, गाय कुठेच दिसत नाही. आम्ही दोघांनी पाच वेळा पाहिलं, मग खिडकीतल्या कारकुनाने पाहिलं, आता रांगही बघते आहे. गौसभाई एवढंच म्हणाले, “फुकटात येवढा, सर. आमी तीन पिढ्या लाइट बिल भरत बसलो.” तर अक्का, असं कर. रविवारी धैर्यशीलला ‘विचार करून सांगते’ म्हण आणि जेवायला घाल. नकार मला वेगळ्या कागदावर पाठव. दाजींकडून लिहवून घेतलास तरी चालेल, म्हणजे हवा तसा कडक होईल. फक्त त्यावर तारीख घालू नका. ती मी इथे बर्फ बघून घालीन.