पन्नास अँपियरचा खांब

व्हॅलेंटाईन, नेब्रास्का
२७ जुलै

प्रिय आर्डिसताईस,
कॉरिनचा सा. न. वि. वि.

एमेटकाकांच्या दफनाच्या दिवशी तू दोनदा विचारलंस, शस्त्रक्रियेआधी आम्ही कसे पोचलो. दोन्हीदा मी ट्रक वेळेत चार्ज झाला एवढंच सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. आज बाबांना घेऊन इथे ट्रेलर न्यायला आले आहे, म्हणून उरलेलं लिहिते.

त्या गुरुवारी दुपारी राहायचा ट्रेलर ओढून आमच्या विजेवरच्या ट्रकची बॅटरी तळाला गेली होती. गावातला वेगवान चार्जर बंद. कॅम्पग्राउंडवर आम्हाला वीज घ्यायला तीस अँपियरचा खांब मिळाला. त्यावर ट्रक भरायला दोन दिवस लागले असते, आणि काकांना शुक्रवारी सकाळी आत नेणार होते. शेजारची जागा रिकामी होती. तिथल्या पन्नासच्या, तिपटीहून जास्त वीज देणाऱ्या खांबाला मी न विचारता ट्रक जोडला. पाच मिनिटांत अख्ख्या रांगेची वीज गेली. एसी बंद पडले तसे लोक बाहेर येऊन जुन्या तारांना शिव्या घालू लागले. मी प्लग उपटला आणि दहा मिनिटं ट्रेलरमध्ये गप्प बसून राहिले.

मग लव्हॉनबाईंना, म्हणजे तिथल्या व्यवस्थापकांना, जाऊन सांगितलं. चूक कुणाच्याही हातून होते गं, पण विचारलं असतंस तर जीभ झिजली असती का, असं त्या म्हणाल्या. काकांचं कळल्यावर मात्र दारोदार फिरल्या. तारांवर भार पडू नये म्हणून रांगेतल्या चौदाही कुटुंबांनी एसी बंद ठेवले आणि सगळे नदीत जाऊन बसले. रांगेतले हॉफर आजोबा बाबांना म्हणाले, ट्रेलर आमच्यापाशी सोडा, मोकळा ट्रक दुप्पट पळतो, आणि आतले तुमचे ते भडक पडदे कुणी चोरणार नाही. त्याच पन्नासच्या खांबावर आठ तास ट्रक चार्ज झाला आणि आम्ही रात्रीच निघालो.

बाबा त्या सकाळबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यांना हॉस्पिटलच्या दारात सोडून मी ट्रक लावायला गेले होते. एवढ्या लोकांना उन्हात काढून घडवलेली ती भेट काकांना हवी तरी होती का? खरं ते लिही.

लोभ आहे हे ठाऊक आहे. रागावली असलीस तर तेही कळव.
तुझी,
कॉरिन


रॅपिड सिटी
३ ऑगस्ट

चि. कॉरिनला,
आर्डिसचे अनेक आशीर्वाद.

मी कशी रागावणार? तुझ्या बाबांना कळवायचं नाही, तो उगाच धावत येईल, असं माझ्या बाबांनी मला बजावलं होतं. मी आठवडाभर ऐकलं आणि बुधवारी तुला फोन केला. दहा मिनिटांचं तू मला काय सांगतेस!

तुझे बाबा, आमचे थोरले काका, खोलीत आले तेव्हा तुला कुणी बोलावलं म्हणून बाबा खेकसले. काका म्हणाले, आधी दाढी बघ तुझी, या अवतारात डॉक्टर हात तरी लावेल का तुला. आणि खिशातून रेझर काढला. बाबांचे हात महिनाभर थरथरत होते, पण मला त्यांनी कधी दाढी करू दिली नाही. भावापुढे मात्र मुकाट्याने मान वर केली. हनुवटीखाली जरासं कापलं, तेव्हा बाबा म्हणाले, पंचाहत्तर वर्षांत तुझा हात काही सुधारला नाही. दोघंही हसले. तेवढ्यात शस्त्रक्रियेला न्यायला आलेच.

त्या चौदा घरांचे आभार कसे मानायचे मला सुचत नाही. माझे बाबा हसत आत गेले, एवढं त्यांना सांग.

पुढच्या खेपेला सरळ घरी या.
तुझी,
आर्डिस