चौथ्या गाण्यातला श्वास

तारीख २१, रविवार

प्रिय ताई,

नुसत्या श्वासावरून माणूस ओळखता येतो का? आठवडाभर हा प्रश्न घेऊन फिरतेय, म्हणून तुझ्यापुढे ठेवते. बाकी मी बरी आहे. घरमालकीण तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नाही. आईची कंबर कशी आहे? बाबांना सांग, माझं पदवीपत्र दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलावरून काढून दुसरीकडे लावा, वाफेने पार फुगेल.

आमच्या गायिका मॅडमचा अल्बम तयार झाला. लोकांच्या तोंडी असलेली जुनी गाणी, सगळी जॅझच्या ढंगात. कव्हरवरचा मजकूर आणि कलाकारांची नावं लिहायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून ती पुन्हा पुन्हा ऐकावी लागतात. चौथ्या गाण्यात मी अडकले. ओळ अर्ध्यावर असताना, शब्द तोडून, मधेच एक श्वास आहे. मॅडम तिथे श्वास घेत नाहीत. शिकलेला कुठलाच गळा घेणार नाही. तसा श्वास मला माहीत असलेली एकच बाई घेते. लहानपणापासून ती जड इस्त्री पुढे ढकलताना गाते आणि मागे ओढताना दम घेते.

तू इथे स्टुडिओत येऊन त्यांच्यासाठी कच्चं गायलीस हे मला माहीत आहे. वादकांना अंदाज यावा म्हणून आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं, मग त्या जागी मॅडमनी पक्कं गायचं आणि कच्चं पुसून टाकायचं, ही इथली रीतच आहे. तू फोनवर म्हणालीस, "पुसलं गं सगळं, पाटी कोरी." खरंच पुसलं?

इथल्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणतात. त्याला विचारलं, "चौथं गाणं पूर्ण मॅडमचंच ना?"

"पदवीधर बाई, कान धुऊन या," म्हणाला आणि हसला. पण दुसऱ्या दिवशी मी आत शिरताच त्याने स्पीकर बंद केला. चोराच्या मनात चांदणं.

गुरुवारी मॅडम स्वतः ऐकायला आल्या. डोळे मिटून बसल्या होत्या. चौथं गाणं संपलं तशा निर्मात्यांना म्हणाल्या, "साहेब, हे मी कधी गायले?"

"त्या दिवशी ताप होता तुम्हाला. आठवत नसेल."

"तापात इतकं बरं गाते मी?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

मला आधी कानसेनचा संशय आला, मग साहेबांचा. आता, रागावू नकोस, तुझाच येतो. दर फोनला तू आधी विचारतेस, "कव्हर छापलं का?" मी जेवले का हे मागाहून. आणि माझी मुलाखत! केवढी तयारी करून गेले होते. साहेबांनी एकच विचारलं, "तू तिची बहीण ना?" आणि म्हणाले, "सोमवारपासून ये." पोरीने हुशारीवर नोकरी मिळवली म्हणून आई गल्लीभर सांगत सुटली. तू तेवढी कुणाच्या तरी शर्टाची, आधीच सरळ झालेली कॉलर पुन्हा पुन्हा दाबत होतीस.

ताई, तू तुझा आवाज देऊन मला नोकरी घेतलीस का? तू "नाही" म्हणालीस तर मला पटणार नाही. "हो" म्हणालीस तर मी त्या खुर्चीत कोणत्या तोंडाने बसू?

शुक्रवारी मी मॅडमच्या घरी गेले. म्हटलं, "चौथ्या गाण्यात माझी बहीण आहे असं मला वाटतं. पुरावा नाही."

त्यांनी मग विचारलं, "ती काय म्हणते?"

"सगळं पुसलं, एवढंच."

"मग तिला बोलतं कर. तोवर मी छपाई थांबवायला सांगते."

तुझं नाव मी कव्हरवर घातलेलं नाही. आवाज तुझा, ठरवायचंही तूच. मात्र माझ्यापायी तोंड बंद ठेवू नकोस. संशय खोटा निघाला तर बाबा म्हणतील, हातची भाकरी लाथाडली. म्हणू देत. काल सकाळी मी साहेबांच्या हातात राजीनामा दिला.

तुझीच,
धाकटी