न फोडलेली बाजू

पुणे, २८ नोव्हेंबर १९६६

ती. एकनाथदादास,
मंदाचा सा. न. वि. वि.

दिवाळीहून परतल्यापासून पत्र नाही म्हणून तू फुगून बसला असशील. राग गिळ, बातमी मोठी आहे. आपल्या नवापूरच्या समुद्रकाठच्या खडपावर, कालवांच्या शिंपल्यांच्या जुन्या ढिगात मला सात दगड सापडले होते, आठवतात? पिशवी उचलताना तू विचारलंस, पुण्यात दगड मिळत नाहीत काय. ते दगड हातानं फोडलेले आहेत, एका बाजूला धार काढलेली. आदिमानवाची हत्यारं अशीच असतात. मी त्यांच्यावर निबंध लिहिला. दगडांविषयी आमचे सर अजून खात्री देत नाहीत, पण निबंध त्यांना फार आवडला. जानेवारीत नदीकाठी उत्खननाचं शिबिर आहे. सहाच विद्यार्थी न्यायचे आणि सहावं नाव माझं! यादीत मुलगी मी एकटी. सतरा डिसेंबरला सगळ्यांसमोर निबंध वाचायचा आहे.

आयचा रुसवा गेला का? तिचे पूर्वज माकडं होते असं मी म्हटलंच नव्हतं. माकडांचे आणि आपले फार फार जुने पूर्वज एक होते, एवढंच. त्यांतले काही दोन पायांवर चालू लागले, त्यामुळे हात मोकळे झाले. मोकळ्या हातांनी दगड घडवले, आणि मेंदू वाढत गेला तो पुढच्या लाखो वर्षांत. तिला तिच्या भाषेत समजावून सांग. बाबा गेल्यावर कालवं विकून तिनं मला शिकवलं, ते फुकट गेलं नाही हेही सांग.

शकूवहिनीला नमस्कार. पुण्यात थंडी फार आहे, तेवढी तुमची माया मात्र ऊबदार राहू द्यावी, ही विनंती.

तुझी,
मंदा


नवापूर, ६ डिसेंबर १९६६

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आम्ही सगळे खुशाल. अणुवीज केंद्राच्या बांधकामावर मला आता भांडारात घेतलंय, दिवसभर नटबोल्ट मोजतो. भाऊ अणूच्या मागे, बहीण दगडाच्या मागे, मधल्या काळाचं कोण बघणार, असं तुझी वहिनी विचारते.

पत्र आयला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन पायांचं तिला लगेच पटलं. कडेवर पोर आणि डोक्यावर टोपली असली की चार पायांवर कोण चालणार, हे कळायला एवढ्या शिकलेल्या माणसांची काय गरज, असं म्हणाली. मग दगडांचा मजकूर आला. तो तिनं पुन्हा वाचायला लावला आणि हसली.

मंदा, ते दगड आयचे आहेत. लढाईच्या दिवसांत लोखंड मिळेना. कालवं फोडायचं हत्यार मोडलं की दुसरं नाही. तेव्हा आपल्या नवसी आजीनं तिला गोटा फोडून धार काढायला शिकवलं. त्याच खडपाच्या आडोशाला दोघी बसायच्या. तुझ्या जन्माआधी बाबांनी लोखंडी हत्यार आणलं आणि दगड तिथंच राहिले. एकावर पांढरी रेघ आहे, तो आजीचा, असं ती सांगते. तपासून बघ.

खरं सांगतो, हे पत्र टाकूच नये असं मला वाटलं. इथं आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत आहे? तुझी वहिनीही तेच म्हणाली. पण आय ऐकेना. मंदीला लिही म्हणाली, पुढं काय करायचं ते ती बघेल.

जिवाला लावून घेऊ नकोस, दोन घास जेव. तुझ्यावरचा आमचा जीव यादीत नाव असण्यानसण्यावर नाही.

तुझा दादा,
एकनाथ


पुणे, १८ डिसेंबर १९६६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पांढरी रेघ आहे. तुझं पत्र वाचलं, दगड काढून पाहिला आणि वसतिगृहाच्या जिन्यात बसून पोटभर रडले. मनात आलं, शिबिर होऊन जाऊ दे, मग सांगू. पण तो दगड टेबलावर होता आणि आजी माझ्याकडे बघतेय असं वाटत राहिलं.

शुक्रवारी सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. यादी काढली, लाल पेन्सिलीनं माझं नाव खोडलं आणि म्हणाले की शनिवारी उभं राहून हेच सगळ्यांना सांगा. काल सांगितलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. माझी जागा दुसऱ्या मुलाला मिळाली.

मला सर्वांत जास्त राग माझाच येतो. वीस वर्षं त्या घरात राहिले आणि तो ढीग कुणाचा, हे आयला कधी विचारलं नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची चौकशी करत फिरले आणि घरातलं माणूस राहून गेलं. माझ्यामुळे आपलं हसं झालं असं तिला वाटत नाही ना? सभा संपल्यावर सरांनी विचारलं, तुमच्या आईंना अजून तसा दगड फोडता येतो का. मला माहीत नाही म्हटलं. त्यांनी पत्ता लिहून घेतला. का ते सांगितलं नाही.

जमलं तर सुका जवळा पाठव. चुकलेल्या बहिणीवरही पूर्वीइतकीच माया ठेवावी.

तुझी,
मंदा


नवापूर, २ जानेवारी १९६७

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद.

काल रविवारी तुझे सर आले! मुंबईला काम होतं, तिथून गाडीनं बोईसर आणि मग विचारत विचारत आपल्या दारात. पांढरी विजार. आयनं नीट पाहून घेतलं आणि ओहोटी भर दुपारची आहे, तोवर बसा म्हणाली.

खडपावर गेलो. आयनं दोन गोटे निवडले, एकावर एक चार टोले घातले आणि धार निघाली. वीस वर्षांत हातात धरला नव्हता, पण हात विसरला नव्हता. सरांनी करून पाहिलं. गोटा फुटला नाही, अंगठा सुजला. मग त्यांनी विचारलं की दुसरी बाजू तशीच का सोडली. आय म्हणाली, तिथं अंगठा बसतो, तीही फोडली तर हात कापेल. हे ऐकून ते बराच वेळ दगड उलटसुलट करत राहिले. त्यांच्या कपाटात असे कितीतरी जुने दगड आहेत आणि ते अर्धवट टाकून दिलेले असावेत असं ते समजत होते, हे त्यांनी आपणहून कबूल केलं. माणूस मला आवडला.

आयनं मात्र त्यांना सोडलं नाही. कालवं वाढता वाढता म्हणाली, "मास्तर, पोरीनं खरं सांगितलं आन् तुमी तिचं नाव खोडलं. आता दुसरं कोण तुमाला खरं सांगल?" शकूनं तोंडाला पदर लावला, मी खाली बघत बसलो.

सर सावकाश जेवले, हात धुतले. निघताना म्हणाले की चुकलेल्या निबंधावर मिळालेली जागा काढून घेणं योग्यच होतं, आणि दुसऱ्या मुलाला दिलेली ते परत मागणार नाहीत. पण सातवं नाव घालता येईल, एक तंबू जास्त लागेल एवढंच. यंदा खरी हत्यारं ओळखायची तर येसूबाईंकडे, म्हणजे आपल्या आयकडे, शिकलेलं कुणीतरी सोबत हवं, असंही म्हणाले. मंदा, तयारीला लाग. आयनं त्यांच्याबरोबर जवळा पाठवलाय, आणि कालचा तिनं फोडलेला दगडही. आपलं हसं झालं असं तिला मुळीच वाटत नाही. शेजारच्या मंजुळाला ती आजच सांगत होती की पुण्याचे मास्तर आपल्याकडे शिकायला आले होते.

प्रकृतीला जप. जाशील तिथं आमचा आशीर्वाद तुझ्याबरोबर आहे असं समज.

तुझा दादा,
एकनाथ


शिबिर, २६ जानेवारी १९६७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आयला हळूहळू वाचून दाखव. आम्ही नदीच्या उंच काठाखाली खणतो. वाळू-गोट्यांचा जुना थर आहे, चाळणीत दिवसभर गोटे येतात आणि बहुतेक नुसतेच गोटे असतात. पहिले आठ दिवस मला काही मिळालं नाही. मागच्या बाकावर हसलेला मुलगा माझ्याच चरात आहे. काल त्यानं एक गोटा पाहिला आणि बिनकामाचा म्हणून ढिगात टाकला. मी सहज उचलला. कडा पाण्यानं झिजून गुळगुळीत झालेल्या, धार जवळजवळ गेलेली. पण एक बाजू न फोडलेली होती. तिथं अंगठा ठेवला, आणि दादा, तो बसला. आयच्या दगडावर बसतो तसाच बसला.

यावेळी मी घाई केली नाही. आधी सरांना दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिला, कुठल्या थरातून आला ते तपासलं आणि आता त्यांना खात्री आहे. काही लाख वर्षांपूर्वीचा असेल. त्या माणसांच्या भुवया जाड होत्या, कपाळ बसकं होतं. आपल्यासारखं बोलता येत होतं की नाही, कुणी सांगू शकत नाही. पण हात कापू नये म्हणून एक बाजू सोडायची, हे त्यांना कळत होतं. आयला आजीनं दाखवलं, तसं त्यांनाही कुणीतरी शेजारी बसवून दाखवलं असणार.

नोंदवहीत एक रकाना असतो, वस्तू कशावरून ओळखली. तिथं काय लिहू, म्हणून सरांना विचारलं. खरं असेल ते लिहा, म्हणाले. मी लिहिलं: आईनं दाखवलं होतं त्यावरून. सरांनी खाली सही केली.

जवळा संपला, त्या मुलानंच जास्त खाल्ला. होळीला घरी येईन आणि या वेळी आयजवळ बसून सगळं विचारीन. तोवर सर्वांनी मला आठवत राहावं, एवढंच मागणं.

तुझी,
मंदा