रिकाम्या खाचेतलं कुंकू

शिवराजदादा,

तुझं ऑफिस खोटं बोलतंय. वैशाखात वीज पडून जुना कॉम्प्युटर जळाला, म्हणून भूकंपानंतर वाटलेल्या घरांची यादी निघत नाही, असं त्यांनी आईला लेखी दिलंय. तेच मशीन मी भंगारवाल्याकडून आणून चार दिवस तपासलं. बोर्ड कुठंच जळालेला नाही, डिस्क शाबूत आहे. फक्त मशीन सुरू करणारी चिप कुणीतरी अलगद उपटलीय, आणि तिच्या रिकाम्या खाचेच्या भोकांत कुंकू बसलंय.

म्हणजे खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हाच चिप नव्हती. वीज पडायच्या सात महिने आधी.

तिथं झाकण उघडून आत कुंकू लावणारा माणूस एकच. "वरून लावलेलं मशीनला पोचत नाही" असं तूच म्हणतोस ना?

त्या यादीत आईचं नाव निघालं नाही तर हे घर जाईल. ती अजून सगळ्यांना सांगते, "माझा शिवा हाय की हापिसात."

तिला घेऊन उमरग्याला सुनावणीला चाललेय. भाकरी दुरडीत आहे. बोर्डाला हात लावू नकोस.

संध्याकाळी तिच्या तोंडावर सांग. चिप तू काढलीस, का दुसऱ्या कुणाला काढताना बघून गप्प बसलास?

दैवशाला