गारगोट्यांमधली झाडं

आई, गेल्या महिन्यात आम्ही नामिबियाला जाऊन आलो. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवताना तू ज्या दगडासारख्या झाडांच्या स्लाइड्स दाखवायचीस, ती लिथॉप्स मी त्यांच्या मुलखात पाहिली. तुला ती कुंडीतच भेटली, आणि पुण्याच्या पावसाळी हवेत दर वर्षी सडली. एका मे महिन्यात मी मायेनं त्यांना तांब्याभर पाणी घातलं, तेव्हा तू म्हणालीस, "तुला तहान लागली म्हणजे त्यांनाही लागली असं नसतं." इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला, स्वयंपाकघराच्या खिडकीत माझीही एक कुंडी आहे. हिवाळाभर मी पाणी देत नाही. जुनी पानं सुकत जातात आणि त्यांच्याच ओलीवर मधल्या फटीतून नवी जोडी वर येते. तुझी नात त्यांना 'पोपो' म्हणते, म्हणजे ढुंगण. ती तू गेल्यावर झाली, तू तिला पाहिलं नाहीस. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

तिथे पांढऱ्या गारगोट्यांचा उतार होता. गाइड म्हणाला, तुमच्या पायाशीच आहेत. मला काही दिसेना. लेक उकिडवी बसली आणि ओरडली, "मामा, हिअर!" म्हणजे आई, इथे. मी गुडघे टेकले. झाड जवळजवळ सगळं मातीत, वर फक्त माथा, तपकिरी रेघांचा, शेजारच्या खड्यासारखा. एक दिसल्यावर दहा दिसतात, मग पाऊल कुठे टाकावं कळत नाही. तेवढ्यात आमच्या ग्रुपमधले एक निवृत्त जर्मन गृहस्थ खिशातल्या चाकूनं एक उकरू लागले. लेक माझ्या कानाशी चक्क मराठीत म्हणाली, "आई, तो चोरतोय. तू बोल ना." ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी 'गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणून मान हलवणारी. पण बोलले, जर्मनमध्ये, सगळ्यांसमोर, "ते परत ठेवा." "एकच तर आहे," ते म्हणाले. "प्रत्येक जण एकच नेतो," मी म्हणाले. मी समोरून हललेच नाही. शेवटी त्यांनी ते गाइडच्या हातात दिलं. त्यानं खळग्यात बसवून भोवती खडे दाबले. मूळ तुटलं होतं. जगलं की नाही, ठाऊक नाही. परतताना गाडीत लेकीनं माझा हात धरून ठेवला.

तुला दाखवावेत असे खूप फोटो काढले. इथे सगळ्यांना बोट ठेवून सांगते, हे बघा झाड. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणून सांगते, निम्म्या फोटोंत ते मलाच सापडत नाही. मी कुठल्याही गारगोटीवर बोट ठेवते.