ओम्नीचं नवं इंजिन

४ नोव्हेंबर, मंगळवार

ह्या माणसाने आज माझ्या ओम्नीचं इंजिन काढलं! मी आंघोळीला गेले तेव्हा गाडी धड होती. केस पुसत बाहेर येते तर अंगणात इंजिन, भोवती पाने-पकडी, आणि आमचे सदाशिवराव नि नांदगावचा मोरू मेकॅनिक चहाची वाट बघतायत.

"अहो, हे काय?" तर म्हणे, "जुनं झालंय. मोठं बसवतो. भरल्या टोपांनी दम लागतो तिला." एकतीस वर्षांत मला दम लागलेला दिसला नाही कधी, ओम्नीला लागलेला बरा दिसला! तोंडावर अहो-जाहो करते, पण वहीत करणार नाही. सदा, तू गाढव आहेस.

पुढच्या एक तारखेपासून कुलदीपच्या कॉटेजची ऑर्डर आहे. मुरूडच्या अलीकडे, रोज चाळीस ताटं, साडेबाराच्या आत, गरम. खानावळ काढल्यापासून एवढी मोठी ऑर्डर आली नव्हती. एक दिवस चुकलं तर दुसऱ्याला देणार, हे त्याने तोंडावर सांगितलंय. आणि गाडी दारात रिकाम्या पोटाने उभी.

५ नोव्हेंबर

बोलत नाही. डाळ मुद्दाम अळणी केली. दोनदा वाढून घेतली त्याने.

८ नोव्हेंबर, शनिवार

इंजिन आलं — कळंबोलीच्या भंगारवाल्याकडून, टेम्पोत, गोणपाटात गुंडाळून. मोरू त्याच्याकडे असा बघत होता की जणू बारशाला आलाय. "वैनी, तेराशे सीसी हाय! आपलं आठशेचं होतं." म्हटलं, मोठी कढई आहे म्हणून मी ती चहाच्या शेगडीवर ठेवते का? मोरू हसला. सदा लगेच टेप घेऊन मोजायला बसला.

वरचं झाकण उघडलं तेव्हा मीही वाकून बघितलं, उगाच. आत पिस्टन. काय चकचकीत! माझे मसाल्याचे डबे एवढे चकचकीत नाहीत. पण हे त्या दोघांना सांगितलं नाही, मी अजून रागावलेली आहे.

१४ नोव्हेंबर

आज नट आवळले. मी!

झालं असं, खालच्या बाजूला मोरूचा हात जाईना, आणि सदाचा तर पंजा म्हणजे सूप. "नले, तुझा हात घाल बघू." घातला. जन्मभर कोळंबी सोलली, बोटांना न बघता सगळं कळतं. नट बसला, टक्क आवाज आला, आणि अंगभर असं बरं वाटलं की विचारू नका. विचारणार कोण म्हणा, वहीच आहे ही. मग संध्याकाळपर्यंत गाडीखालीच. तिकडे भात लागला.

जुन्या जागेवर नवं इंजिन बसत नाही, म्हणून मोरूने लोखंडी पट्ट्या वेल्ड करून आधार केलेत. मी म्हटलं डावी पट्टी वाकडी आहे. दोघे म्हणाले न्हाय. मोजली. वाकडी निघाली!! पुढचा सगळा वेळ मी कंबरेवर हात ठेवून फिरले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुरू झाली!!! पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा धूर, सगळं अंगण काळं. तिसऱ्यांदा — काय आवाज! शेजारची ठमीकाकू धावत आली, "काय फुटलं गं?" तिला सांगितलं, काही नाही, गाडीला कंठ फुटला. ती बिचारी घरात जाऊन नारळ घेऊन आली.

सदाने तशाच काळ्या हातांनी माझे दोन्ही गाल धरले आणि — जाऊ दे, वहीतसुद्धा लाज वाटते. मोरू पाठ करून पाना शोधत होता. पाना त्याच्या हातातच होता.

२० नोव्हेंबर

मी मुरूडला बाजाराला गेले तेवढ्यात दोघांनी सीट बसवली. इंजिन उंच, म्हणून ड्रायव्हरची सीट वर घ्यावी लागली म्हणे. "इलाज न्हाय वैनी," मोरू. मग सदा बसून दाखवायला गेला. सहा फुटी माणूस! डोकं छपराला, मान खांद्यावर, गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना. इंजिन मोजलं, पट्ट्या मोजल्या, आणि शहाणा स्वतःला मोजायला विसरला! मी अंगणात खालीच बसले हसत. पोट दुखलं.

मग एकदम ऑर्डर आठवली. आता चालवणार कोण? मोरूला त्याचं गॅरेज. ड्रायव्हर ठेवला तर ऑर्डरीत उरणार काय? सदा म्हणाला, "तू बस बघू."

बसले. आणि समोरचा रस्ता दिसला! लग्नानंतर एकदा बसले होते तेव्हा नुसतं स्टिअरिंग दिसलं होतं, त्याच दिवशी नाद सोडला. म्हटलं, पाय पुरत नाहीत. म्हणाला, "पुरवतो." दिवेलागणीपर्यंत तिन्ही पॅडलांवर लोखंडाचे जाड तुकडे बसवून मोकळा.

२१ नोव्हेंबर

सात वेळा बंद पडली. एकदा कुंपणात घुसली. गाडीला शिव्या दिल्या, सदाला दिल्या, मोरूलाही, तो तिथे नव्हता तरी.

२४ नोव्हेंबर

लर्निंग लायसन निघालं. फोटोत मी चोरासारखी दिसते.

कापणी झालेल्या खाचरात दोन तास फिरवली. दुसरा गिअर, तिसरा गिअर! भीती वाटते आणि सोडवत पण नाही. सदा शेजारी बसतो. "क्लच सावकाश सोड," एवढंच म्हणतो. एकदाही ओरडला नाही. एरवी टीव्हीचा रिमोट सापडला नाही तरी घर डोक्यावर घेतो.

३० नोव्हेंबर, रविवार

इंजिन बदलल्याचे कागद पेणच्या आरटीओत झाले एकदाचे. आज पुढे-मागे एल लावून बोर्लीपर्यंत जाऊन आले. काटा सत्तरला! पुण्याच्या एका पांढऱ्या गाडीला मागे टाकलं. आतला माणूस वळून वळून बघत होता — खटारा ओम्नी, आणि आत अंबाडा घातलेली बाई. मी हॉर्न दिला. गरज नव्हती.

उद्या खरी परीक्षा.

१ डिसेंबर

सव्वाबाराला पोचलो!! बांगड्याचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी, थेंब सांडला नाही. सदा शेजारी टोप मांडीशी धरून, देवघरातल्या देवासारखा गप्प. सीटखालून इंजिन असं तापतं की माझं बूड शेकून निघालं.

कुलदीपने आधी घड्याळ बघितलं, मग मला उतरताना बघितलं. "मावशी, तुम्ही चालवली?" म्हटलं, मग काय एकटी आली?

येताना रडू आलं. आनंदाचंच होतं. सदाने विचारलं नाही, नुसता रुमाल दिला. ग्रीसचा.

७ डिसेंबर

सदाला म्हटलं, पुढच्या सीझनला टर्बो बसवू. नवरा घाबरला!

१३ डिसेंबर, शनिवार

तेल बघायला म्हणून आज एकटीनेच सीट उचलली. इंजिनाच्या वर माझी अख्खी वीत मावते. सीट वर घ्यायची गरजच नव्हती. तिच्याखाली फणसाच्या लाकडाचे चार ठोकळे, छान रंधा मारलेले.

सदाला विचारलं. आधी मोरूवर ढकललं. मग खाली बघत म्हणाला, "श्रावणात नांदगावच्या वळणावर डोळ्यांपुढे अंधार आला मला. दोनदा. तू शेजारीच होतीस, बोलत होतीस. अलिबागच्या डॉक्टरने गाडी बंद सांगितलीय. तुला सांगितलं असतं तर तू खानावळच बंद केली असतीस."

केली असती.

"आणि इंजिन?"

"नुसती सीट वर घेतली असती तर तू विचारलं असतंस."

रडले. मग शिव्या दिल्या, आजपर्यंत दिल्या नव्हत्या तसल्या. मग परत रडले. ठोकळे जागच्या जागी ठेवून सीटचे स्क्रू मीच आवळले. सोमवारी ताटं पोचवून तसंच पुढे त्याला अलिबागला डॉक्टरकडे नेणार आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.