डबीतली बारावी पिन

ती. ताईस,

तुझ्या भित्र्या धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला का? मी विणून पाठवलेली कानटोपी त्यांना घट्ट होत नाही ना? माझी तब्येत मात्र विचारू नकोस. चार दिवसांत माझी तीनदा दाढी झाली, मिशी गेली, आणि झोप तर त्याआधीच उडाली.

झालं असं, की उस्तादसाठी मी मनगटपट्टे विणले. उस्ताद म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून चालवणारा माझा शाळेपासूनचा दोस्त. दोन वर्षं तो माझ्याशी बोलत नव्हता. (त्याने कापलेला माझा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, हे मी गिऱ्हाइकांसमोर पट्टीने मोजून दाखवलं होतं. तेव्हाच कुणीतरी माझं तोंड दाबायला हवं होतं.) गार पाण्याने त्याची मनगटं दुखतात असं कानावर आलं. म्हटलं, तोंडाने माफी मागायला आपली ततपप होते, तर सुयांनी मागू. तू शिकवलेल्या उलट-सुलट टाक्यांनी दोन पट्टे विणले, दुहेरी दुमडून कडा शिवल्या आणि नेऊन दिले. त्याने तिथल्या तिथे चढवले. मग माझ्यासाठी खुर्ची झटकून दिली. मी तरंगत घरी आलो.

घरी येऊन पिनांची डबी आवरायला घेतली. ओळी चुकू नयेत म्हणून मी विणताना खुणेला पिन अडकवतो, हे तुला ठाऊकच आहे. नवी डबी, बारा पिना. मोजल्या तर अकरा! ताई, माझी पाचावर धारण बसली. बारावी पिन पट्ट्याच्या दुमडीत, उघडी की मिटलेली देव जाणे, आणि तो हात दिवसभर वस्तरा घेऊन लोकांच्या गळ्यावरून फिरणार! पिन टोचली, हात उडाला, की गिऱ्हाईक गेलं, सलून गेलं आणि माझा दोस्त गजाआड. (हे सगळं मला चित्रासारखं दिसतं. वस्तरा चकाकताना सुद्धा दिसतो.)

सरळ सांगून टाक, म्हणशील. कोणत्या तोंडाने सांगू? येईल त्या गिऱ्हाइकाला तो मनगट दाखवून दोस्ताने विणलंय म्हणून सांगतोय. तेव्हा दुसऱ्याचा गळा जाण्यापेक्षा आपला गेलेला बरा, असं म्हणून मीच जीव मुठीत धरून रोज खुर्चीत बसतो. पहिल्या दिवशी दुमड चाचपायला त्याचं मनगट धरलं. त्याला वाटलं प्रेम उतू चाललंय, त्यानेही माझा हात दाबला. दुसऱ्या दिवशी गालावर एक खुंट नसताना साबण लावून घेतला. आज मिशी दिली. पिन काही हाताला लागत नाही. उद्या परत जायचंय आणि आता भुवयाच उरल्यात.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरंच झालं. आज खुर्चीत बसल्याबरोबर मी रडतरडत सगळं कबूल केलं. उस्तादने शांतपणे माझ्या मानेमागे हात घातला, गळ्याभोवतीचं कापड जिने अडकवलं होतं ती पिन काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पहिल्याच दिवशी सापडली होती म्हणे. म्हणजे रोज ती माझ्याच मानेवर होती! मग बोलला का नाहीस, म्हटलं, तर आरशातच बघत म्हणाला, "दोन वर्षांनी रोज यायला लागलास. पिन दिली असती तर आला असतास?"

ता. क. २. घरी येऊन ती पिन डबीत टाकली आणि निव्वळ समाधानासाठी मोजलं. अकरा. पाच वेळा मोजलं. म्हणजे त्या दिवशी दहाच होत्या, घाईत मी एकच पिन दोनदा मोजली. आता, नवी डबी आणल्यापासून मी दोनच वस्तू विणल्यात. दुसरी भावजींच्या डोक्यावर आहे. आणि चिडले की ते टोपी खसकन कानांवर ओढतात! हे वाचताक्षणी ती लपव, धुवायला टाकली म्हणून सांग, पण माझं नाव घेऊ नकोस. पिन सापडली तर टपालाने पाठवू नकोस. मीच न्यायला येतो. तुझ्याकडे येऊनही दोन वर्षं झालीच की.

भावजी घरी नसतात तो वार तेवढा कळव.